भाड्यात हप्ता निघत नाही

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत एक सल्ला इतकी वर्षं फिरतो आहे की तो आता कुणी द्यावा लागत नाही. स्वतःचं घर झालं, नोकरी टिकली, पगार बरा आहे, मग ‘एक दुसरा फ्लॅट घेऊन ठेव’. बँक कर्ज देते, भाडेकरू हप्ता फेडतो, वीस वर्षांनी घर आपलं. वर कर वाचतो, दर तर वाढतच जातात आणि म्हातारपणी भाड्याचा आधार होतो. इस्टेट एजंटने हे सांगावं यात गैर काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण काका सांगतात, ऑफिसातले सीनियर सांगतात, हल्ली मोबाइलवरचे अर्थगुरू सांगतात, आणि यांतल्या फारच थोड्यांनी कधी कागदावर आकडे मांडलेले असतात.

तेव्हा आधी आकडेच मांडू. डोंबिवली पूर्वेला एक वन बीएचके, ओसी मिळालेला, ५० लाखांचा. आकडा सोयीचा घेतला आहे. तुमच्या गल्लीतला दर वेगळा असेल तर तो टाकून पाहा, चित्र फारसं बदलत नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर साडेतीन लाख, नोंदणी फी ३० हजार. बँक ८० टक्के देईल, म्हणजे ४० लाख. खिशातून गेले १३ लाख ८० हजार. एजंटची दलाली, खिडक्यांचे ग्रिल, किचनचा ओटा, पंखे, गीझर हे सगळं मी सोडून देतो आहे, विक्रेत्याच्या बाजूने थोडी सूट असावी म्हणून.

४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो ३४ हजार ७१३ रुपये. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवरच्या अशा घराचं भाडं १४ हजार धरू. म्हणजे ‘भाड्यात हप्ता’ सुरुवातीलाच अर्ध्यावरही येत नाही. आणि ते १४ हजारही पुरते हातात पडत नाहीत. मेंटेनन्स आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्यावर लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मिळून महिन्याला २ हजार ७०० गेले. महापालिकेचा मालमत्ता कर वर्षाला ८ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा रिकामा काळ आणि दलाली मिळून वर्षाकाठी एक महिना. रंग, गळती, नळ, बिघडलेला गीझर यांना वर्षाचे १२ हजार, आणि हे कमीच आहेत. वर्षाच्या १ लाख ६८ हजारांतून ६६ हजार ४०० वजा होतात, उरतात १ लाख १ हजार ६००. घरात घातलेल्या ५३ लाख ८० हजारांवर हा परतावा दोन टक्क्यांनाही पोचत नाही. बचत खात्याहून तो बरा असावा अशी निदान अपेक्षा होती.

वर्षाचा हप्ता ४ लाख १६ हजार. भाड्याचं निव्वळ उत्पन्न वजा केलं की दरमहा सव्वीस हजार पदरचे भरायचे. पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांपैकी जवळजवळ ३ लाख ३७ हजार व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ८० हजार. यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, भाडं वाढतं की! हप्ता तेवढाच राहतो.’ बरोबर. भाडं दरसाल न चुकता पाच टक्क्यांनी वाढलं असं मानू. मग ते हप्त्याएवढं होतं विसाव्या वर्षी. म्हणजे ज्या वर्षी कर्ज संपतं त्याच वर्षी. तेही मेंटेनन्स, कर आणि रिकामे महिने न मोजता.

इथपर्यंत आलं की एजंट भाडं सोडून किमतीकडे वळतो. भाडं हा वरचा लाभ, खरा नफा दर वाढण्यात आहे, असं तो म्हणतो. घटकाभर हेही मान्य. पण मग ‘भाडेकरू हप्ता फेडतो’ हे वाक्य मागे घ्या आणि उघड सांगा की हा किमतीवरचा सट्टा आहे, तो कर्ज काढून खेळायचा आहे. मग त्याचाही हिशेब करता येतो. तुमचे १३ लाख ८० हजार आणि दर महिन्याची तूट (भाडं वाढत जाईल तशी ती कमी होत जाते, तेही धरून) सात टक्क्यांनी कुठेतरी ठेवली असती तर वीस वर्षांनी सुमारे १ कोटी ७० लाख झाले असते. ठेवीच्या व्याजावर कर आहे, घराच्या नफ्यावरही आहे, दोन्ही बाजूला ठेवू. म्हणजे फ्लॅट वीस वर्षांनी १ कोटी ७० लाखांना विकला गेला तर फक्त बरोबरी झाली. नफा त्याच्या पुढे सुरू होणार.

आता तो घेणारा कोण याचा विचार करा. वीस वर्षं वापरलेला वन बीएचके, भिंतींना ओल आलेली, लिफ्ट दोनदा बदललेली. व्याजदर आजचेच राहिले तर घेणाऱ्याला ८० टक्के कर्जावर १ लाख १८ हजारांचा हप्ता पडेल, आणि शेजारच्या दाराआड भाडेकरू ३७ हजारांत राहत असेल. आज हप्ता भाड्याच्या अडीच पट आहे, तेव्हा तो सव्वातीन पट झालेला असेल. भाडं माणसाच्या चालू पगारातून येतं, त्यामुळे ते पगारापलीकडे फार ताणता येत नाही. किंमत मात्र पुढच्या खरेदीदाराच्या आशेवर चढत राहते. असा पुढचा खरेदीदार सापडणारच नाही असं मी म्हणत नाही. पण तो सापडेल या भरवशावर पस्तिशीतल्या माणसाने वीस वर्षांचा पगार गहाण टाकायचा, याला सुरक्षित गुंतवणूक म्हणू नका.

‘इथे दर कधी खाली आलेच नाहीत’ हे वाक्य तर सरळ खोटं आहे. मुंबई परिसरात १९९५-९६च्या उंचीनंतर दर घसरले आणि पुढची बरीच वर्षं सावरले नाहीत. त्या शिखरावर घेतलेल्यांना विचारा. २०१३-१४ नंतरही किमती दीर्घकाळ जागच्या जागी राहिल्या, महागाई धरली तर खालीच गेल्या. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारला घरांवरचं मुद्रांक शुल्क ३ टक्के अंकांनी कमी करावं लागलं, ते बाजार जोरात होता म्हणून नव्हे.

मग डोंबिवलीतल्या त्या आजोबांचं काय, ज्यांनी १९८०च्या आसपास काही हजारांत घेतलेलं घर आज लाखांत आहे? या सल्ल्याचा सगळ्यात वजनदार साक्षीदार हाच. प्रत्येक घराण्यात एक असतो. त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे, कारण त्याची गोष्ट खरी आहे. फक्त तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

गिरगाव, दादर, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून निघालेली कुटुंबं सत्तर-ऐंशीच्या दशकांत डोंबिवलीला आली ती राहायला आली. घरकर्ज देणारी एचडीएफसीसारखी संस्थाच मुळी १९७७ची. त्याआधी आणि नंतरही बऱ्याच जणांनी पीएफमधून उचल घेतली, बायकोच्या बांगड्या मोडल्या, ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढलं आणि एक घर घेतलं. त्या घरात ते स्वतः राहिले. मुलं तिथे वाढली, टिळकनगर किंवा स. वा. जोशीच्या शाळेत गेली, बाबा ८.१२च्या लोकलला लोंबकळत व्हीटीला गेले. घराचा पूर्ण मोबदला त्यांना रोजच्या राहण्यातून मिळत गेला. महिना रिकामा जाण्याचा प्रश्न नव्हता, दलाली नव्हती. महागाई आणि पगारवाढीने हप्ता काही वर्षांत हलका केला. आणि पाठीमागे एक शहर घडत होतं. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, गावठाणं वस्तीत आली, भातशेतीच्या जागी रस्ते आले. गाव शहर होताना जमिनीची किंमत जी उडी घेते ती एकदाच घेते. शहर झालेल्या जागेला ती पुन्हा मिळत नाही.

त्याच डोंबिवलीत, त्याच ठाण्यात, त्याच वर्षांत आणखी एक माणूस होता, त्याची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्याने घर राहायला नव्हे, भाड्याने द्यायला बांधलं. चाळमालक म्हणा, इमारतमालक म्हणा. आजच्या सल्ल्याप्रमाणे वागणारा खरा पूर्वज तोच. त्याचं काय झालं? १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं गोठवलं. खोली पहिल्यांदा ज्या भाड्याने दिली त्या भाड्यापाशी ती जवळजवळ कायमची थांबली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं म्हटलं, पण तोवर मालकांच्या दोन पिढ्या महिन्याकाठी काही रुपये गोळा करत गेल्या होत्या. त्यात पुन्हा मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची पळवाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ला जे लायसन्सी घरात होते त्यांना कायदादुरुस्तीने संरक्षित भाडेकरू करून टाकलं. रात्री जो तात्पुरता राहणारा होता तो सकाळी काढता न येणारा झाला.

भाडेकरूंची बाजू मला ठाऊक आहे. फाळणीनंतरच्या मुंबईत त्या कायद्याने लाखो कुटुंबं रस्त्यावर येण्यापासून वाचली, आणि मी त्या कायद्याविरुद्ध लिहीत नाही. मुद्दा एवढाच की डोंबिवलीच्या भरभराटीच्या काळात राहायला घर घेणारा वर आला आणि भाड्याने द्यायला घर घेणारा खाली गेला. मालकाला भाडं पुरेना म्हणून तो डागडुजी करीना, भाडेकरू हक्क जाईल म्हणून घर सोडीना, आणि पालिका पावसाळ्याआधी ‘अतिधोकादायक’ची नोटीस चिकटवून मोकळी. २०१५च्या पावसाळ्यात आठवड्याच्या अंतराने ठाकुर्लीची मातृछाया आणि नौपाड्यातली कृष्णा निवास या जुन्या इमारती कोसळल्या. अशा इमारती या पट्ट्यात अजून शेकड्यांनी उभ्या आहेत. आजोबांचं उदाहरण देणाऱ्याने हे दुसरं उदाहरणही दिलं पाहिजे.

आता कायदा बदलला, असं म्हणतील. बदलला. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे आणि लिव्ह अँड लायसन्सवाल्या मालकाला तो आधीपेक्षा पुष्कळ बरा आहे. मुदत संपून लायसन्सी हलला नाही तर कलम २४नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. कागदावर सगळं ठीक. पण किती मालक तो कागद करतात? कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. तो नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी कोपऱ्यावरच्या नोटरीकडे शिक्का मारून चावी देणारे मालक कमी नाहीत. अकरा महिन्यांचा करार असला तर नोंदणी लागत नाही ही समजूत इतर राज्यांतून इथे आली आहे, महाराष्ट्रात ती चालत नाही. आणि गंमत म्हणजे नोंदणीचा खर्च फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक (डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून) आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी, घरबसल्या ऑनलाइन. पन्नास लाखांचं घर हजार रुपयांसाठी उघड्यावर ठेवणाऱ्याला गुंतवणूकदार म्हणायचं की काय, ते वाचकाने ठरवावं.

याच ओघात ‘बसल्या जागी उत्पन्न’ या कल्पनेकडे पाहू. घर भाड्याने देणं हा जोडधंदा आहे, आणि त्यात काम आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं, दरवेळी नवा करार, सोसायटीची एनओसी. ती देताना बॅचलर नको, अमुक जातधर्माचे नकोत, मांसाहारी नकोत अशा, कायद्याला न मानवणाऱ्या, अटी सेक्रेटरी हळूच सांगतो, आणि तुम्ही त्या मुकाट्याने मान्य केल्यात तर भाडेकरू मिळण्याची शक्यता अर्धी होते. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असं शासनाने २००१मध्येच ठरवलं आहे, तरी काही सोसायट्या मनाला येईल ती रक्कम लावतात आणि मालक, रोज तिथे राहत नसल्यामुळे, भांडत बसत नाही. रविवारी सकाळी भाडेकरूचा फोन येतो: वरच्या मजल्याचं पाणी बाथरूमच्या छतातून ठिबकतंय. वरचा म्हणतो माझी गळती नाही. सोसायटी म्हणते अंतर्गत मामला. तुम्ही ठाण्याहून डोंबिवलीला जाता, प्लंबर येत नाही, परत येता. हे उत्पन्न बसल्या जागी नसतं. तुमच्या सुट्टीच्या दिवसाची मजुरी त्यात कुणी मोजलेली नसते.

यात आत्ताचा एक चकवा नोंदवायला हवा. नौपाडा, पाचपाखाडी, डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर या भागांत जुन्या तीन-चार मजली इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. तिथली कुटुंबं शाळा, डॉक्टर, देऊळ सुटू नये म्हणून जवळच भाड्याने राहतात, भाडं बिल्डर भरतो. साहजिकच तिथली भाडी चढली आहेत. एजंट हे चढलेलं भाडं दाखवून घर विकतो. पण ही कुटुंबं दोन-चार वर्षांनी आपापल्या नव्या, मोठ्या घरी परततात. त्याच नव्या इमारतींतले विक्रीचे फ्लॅट, ज्यांतले बरेच तुमच्यासारख्याच ‘घेऊन ठेवणाऱ्यां’नी घेतलेले असतात, एकदम भाड्याच्या बाजारात उतरतात. मोठ्या टाउनशिपमध्ये हे आणखी ठळक दिसतं. ताबा मिळाला की एकाच मजल्यावरच्या चारही दारांना ‘टू लेट’, आणि भाडेकरू दोन हजार कमी सांगून शेजारचं घर घेतो.

कराबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण त्या युक्तिवादातली हवा सरकारनेच काढली आहे. भाड्याच्या घराच्या व्याजामुळे होणारा तोटा पूर्वी कितीही असला तरी पगारातून वजा होई. २०१७च्या अर्थसंकल्पाने तो वर्षाला २ लाखांवर आणला. आता नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे आणि तिच्यात हा तोटा पगारातून वजा करताच येत नाही, पुढच्या वर्षांत ओढताही येत नाही. फार तर भाडं करमुक्त होतं. शिवाय २३ जुलै २०२४ किंवा त्यानंतर घेतलेलं घर विकताना महागाई निर्देशांकाची सूट नाही, साडेबारा टक्के सरळ. म्हणजे वीस वर्षांत रुपयाची किंमत जेवढी घसरेल, ती घसरणही नफा म्हणून मोजली जाईल. आणि मुळात ‘तोटा दाखवून कर वाचतो’ असं सांगणारा माणूस तुम्हाला दरवर्षी तोटा होणार हे कबूल करतो आहे. तेवढ्यापुरता तो प्रामाणिक म्हणायचा.

या सगळ्या सल्ल्याला वैचारिक झालर लावतं ते रॉबर्ट कियोसाकी यांचं ‘रिच डॅड पुअर डॅड’. १९९७चं हे अमेरिकन पुस्तक मराठीतही आलं आणि खपलं. त्यातला मुख्य विचार असा की खिशात पैसे घालतं ते मालमत्ता, खिशातून काढतं ते देणं. हाच निकष लावला तर दरमहा सव्वीस हजार काढून घेणारा आपला फ्लॅट कुठल्या रकान्यात जातो? अमेरिकेत तीस वर्षं न बदलणाऱ्या व्याजाचं कर्ज मिळतं. भाड्याच्या घरावर साडेसत्तावीस वर्षांत घसारा वजा करून कर वाचवता येतो. आपल्याकडे घरभाड्याच्या उत्पन्नातून घसारा मिळत नाही, ठोक ३० टक्के वजावट मिळते. कर्ज बहुतेक बदलत्या व्याजाचं असतं. मे २०२०मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा झाला, तेव्हा कित्येकांच्या कर्जाची मुदत न विचारता वर्षानुवर्षं लांबली. भाडं त्या वेगाने वाढवायला भाडेकरूंनी संमती दिल्याचं मात्र ऐकिवात नाही.

‘रेरा नंबर आहे, बँकेने कर्ज मंजूर केलंय, आता काय बघायचं?’ या पट्ट्यात हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून बिल्डरांनी महारेराची नोंदणी मिळवली. ६५ इमारती उभ्या राहिल्या, करारांची नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क सरकारने घेतलं, बँकांनी कर्जं दिली, लोक राहायला आले. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. हजारो कुटुंबं आश्वासनं आणि तारखा यांच्यामध्ये अडकली, आणि हप्ते सुरूच. यातली बहुतेक माणसं राहायला आलेली होती, त्यांची व्यथा वेगळी आणि मोठी. पण दुरून, शनिवारी एकदा सॅम्पल फ्लॅट बघून दुसरं घर घेणारा तर राहणाऱ्याइतकीही चौकशी करत नाही. भिंती स्वतः बघायच्या नसतात, पाणी स्वतः भरायचं नसतं, म्हणून तो ब्रोशरवर भागवतो.

हा अपवादात्मक प्रकार नव्हे. बेकायदा बांधकामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत जवळपास ६८ हजार बेकायदा बांधकामं नोंदवली होती. १९८३ला पालिकेत आलेली, २००२ला बाहेर काढलेली, २०१५ला पुन्हा आत घेतलेली २७ गावंही याच पट्ट्यात आहेत. या येण्या-जाण्यात परवानगी कुणाची, पाणी कुणाचं, कर कुणाचा हे प्रश्न इमारतींसारखेच मजल्यावर मजले चढत गेले. ठाण्याच्या हद्दीत शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडची सात मजली इमारत ४ एप्रिल २०१३ला कोसळली, ७४ माणसं मेली. ती वनखात्याच्या जमिनीवर, बेकायदा, काही महिन्यांत चढवलेली होती.

आणि इमारत कायदेशीर असली तरी वीस वर्षांनी काय ‘आपलं’ होतं, हेही विचारायला हवं. वाढते ती जमीन. सिमेंट-सळई झिजत जाते, तीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? या पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांचं कन्व्हेयन्स (अभिहस्तांतरण) झालेलं नाही, सात-बारावर अजून जुना जमीनमालक किंवा बिल्डर आहे. मोफा कायदा १९६३चा, मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ची, तरी परिस्थिती ही. ज्याच्या नावावर जमीन नाही तो जमिनीच्या वाढीवर वीस वर्षं व्याज भरतो आहे.

मेट्रोचं म्हणाल तर ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गाची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ला पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणात झाली. २०२५ संपलं तरी कल्याणकराने आपल्या स्टेशनवर मेट्रोचं तिकीट काढलेलं नव्हतं. घरांच्या जाहिरातीत मात्र ती तेव्हापासून धावते आहे, आणि दरात तिचं भाडं तेव्हापासून वसूल होतं आहे. इतक्या वर्षांत लोकलच्या दारातली गर्दी काही हटली नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली. भाडेकरू घर निवडताना या लोकलचा विचार करतो, नकाशावरच्या रंगीत रेघेचा नाही. म्हणून भाडं त्या रेघेने वाढत नाही.

माझा रोख कुणावर नाही, तेही सांगतो. ज्याला वडिलोपार्जित फ्लॅट मिळाला, ज्याचं जुनं घर फिटलेलं आहे आणि मुलीच्या शाळेसाठी तो ठाण्याला भाड्याने गेला आहे, किंवा ज्याने निवृत्तीनंतर त्याच सोसायटीत रोखीने दुसरं घर घेतलं आहे, त्याने नोंदणीकृत करार करून खुशाल भाड्याने द्यावं. अशाच घरांवर इथला भाड्याचा बाजार चालतो आणि त्याची गरज आहे. स्वतःचं पहिलं घर घेऊ नका असंही मी म्हणत नाही. त्याचा हिशेब वेगळा, त्यात भाडेकरू तुम्हीच असता आणि महिना कधी रिकामा जात नाही. भांडण आहे ते कर्ज काढून भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटशी, आणि तो शहाणपणाचा म्हणून खपवणाऱ्यांशी.

‘मग पैसे ठेवायचे कुठे?’ हा शेवटचा सवाल नेहमी विजयी मुद्रेने येतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर त्यांच्या कपाटातच असतं. दुसरा फ्लॅट घ्यायला निघालेल्या नोकरदाराच्या पहिल्या घराचं कर्ज बऱ्याचदा अजून चालू असतं, त्याच साडेआठ टक्क्यांच्या आसपास. ते १३ लाख ८० हजार त्या कर्जात भरले तर तेवढ्या रकमेवरचं साडेआठ टक्के व्याज त्याच दिवसापासून थांबतं. ना दलाली, ना रिकामा महिना, ना गळती. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून बँकांना दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२लाच मनाई केली आहे. शाखेत जायचं, अर्ज द्यायचा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगायचं आणि नवीन परतफेड तक्ता मागून घ्यायचा. या व्यवहारात कुणालाच दोन टक्के सुटत नाहीत, त्यामुळे घोडबंदरच्या प्रदर्शनात त्याचा स्टॉल नसतो.